करंजीएवढा र

माझ्या हातून आजवर कोणाचा जीव गेलेला नाही. अक्षरजुळणीच्या धंद्यात ती सोयच नाही. पण एका संस्कृतच्या प्राध्यापकांना मी स्वतःचा सत्कार स्वतःच करायला लावलं आहे, आणि त्यांनाच पुढच्या आठवड्यात भर सभेत स्वयंपाकी करून टाकलं आहे. दोन्ही वेळा हत्यार एकच होतं. अर्धा र.

वर्ध्याला बसस्टँडकडून गावात येताना झेरॉक्सची दुकानं संपली की 'वऱ्हाड ग्राफिक्स' अशी पाटी दिसते, ती माझी. तीस वर्षं झाली. लग्नपत्रिका हा मुख्य धंदा, म्हणून वऱ्हाड. उद्घाटनाचा पेढा तोंडात असतानाच एका गिऱ्हाइकाने सांगितलं, "विलासभाऊ, वर्धा नदीच्या अलीकडचे आपण. आपण वऱ्हाडात येतच नाही." पण पाटी रंगवून झाली होती. तेव्हा आमच्या दुकानात चुकांची सुरुवात दारापासूनच आहे, आत यायचीसुद्धा गरज नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कॉम्प्युटरवर मराठी टाइप करणं म्हणजे क दाबला की क आला. मी शिकलो तेव्हा तसं नव्हतं. त्या यंत्राला मराठी येतच नव्हतं. ते बापडं इंग्रजी समजायचं, आणि आम्ही फाँट नावाचं सोंग चढवून त्याच्या इंग्रजी अक्षरांना मराठी कपडे घालायचो. आत k बसलेला, वरून क दिसायचा. यंत्राला शेवटपर्यंत पत्ता नसायचा की आपण 'श्री गणेशाय नमः' लिहिलं आहे.

अडचण अशी की इंग्रजीची अक्षरं लहान-मोठी धरून बावन्न. तेवढ्यात मराठीचा संसार मावतो होय? अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वेलांट्या, उकार, सगळ्यांना जागा पाहिजे. पण कॉम्प्युटरच्या मागच्या अंगाला काही खोल्या युरोपातल्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या होत्या. डोक्यावर तिरकी काडी असलेला e, दोन टिंबांचा u, लाटेचा n, शेपटीवाला c. असली अक्षरं वर्ध्यात कोणाला लागतात? खोल्या रिकाम्याच पडलेल्या. फाँट करणाऱ्यांनी आपली उरलेली अक्षरं तिकडे नेऊन घातली. आल्टचं बटण दाबून धरायचं, उजवीकडच्या आकड्यांवर चार आकडे ठोकायचे, की त्या नंबरच्या खोलीतून आपला माणूस बाहेर यायचा. कोण कोणत्या खोलीत आहे त्याचा तक्ता प्रत्येकाच्या पडद्याच्या कडेला चिकटवलेला असे. माझ्या तक्त्यावर हळद-कुंकवाचे डागही होते, कारण दर दसऱ्याला त्याचीच पूजा व्हायची.

त्या तक्त्यात शून्य दोन तीन तीन म्हणजे अर्धा र. कोणता अर्धा र, ते सांगतो, कारण पुढचा सगळा तमाशा त्याचाच आहे. मराठीत र अर्धा झाला की दोन तऱ्हांनी होतो. एक रफार. तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. सूर्य, कार्य, आचार्य. दुसरा गरीब. तो पुढच्या अक्षराच्या डाव्या अंगाला चंद्रकोरीसारखा चिकटतो. दुसऱ्या, पुऱ्या, वऱ्हाड. दिसायला इवलासा. पण 'आचार्यांना' म्हटलं तर गुरुजींना, आणि 'आचाऱ्यांना' म्हटलं तर स्वयंपाक्याला. एवढ्याशा रेघेवर माणसाचा धंदा बदलतो, अशी भाषा आपली.

या चंद्रकोरीचा घरमालक कोण, ते मला एका फ्रेंच बाईंमुळे कळलं. हातमागाचा अभ्यास करायला आल्या होत्या. त्यांचं एक पत्रक करायचं होतं, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. बाईंच्या नावात काडीवाला e. मी म्हटलं, असं अक्षर आमच्याकडे नाही. त्या म्हणाल्या, असणारच. आमची झटापट चालली असताना मी सवयीने शून्य दोन तीन तीन ठोकलं, आणि मराठी फाँट लावायचा राहून गेला. पडद्यावर बाईंचा e हजर! डोक्यावर काडी, ऐटीत उभा. बाई टाळ्या वाजवू लागल्या. इतकी वर्षं आमचा अर्धा र या फ्रेंच माणसाच्या खोलीत भाडेकरू होता, आणि मालक आज पहिल्यांदा घर पाहायला आला होता.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण जाता जाता बाई म्हणाल्या, नावावरची काडी काढून टाका, लोकांना उगाच गोंधळायला होईल. मी रुबाबात 'सगळीकडे बदला' या बटणावर बोट ठेवलं. काडीवाला e जाऊन साधा e, एका दमात. कॉम्प्युटरने आज्ञा पाळली. सगळीकडे म्हणजे सगळीकडे. मराठी बाजूलाही जिथे जिथे अर्धा र होता तिथे तो साधा e आणून बसवला, आणि आमच्या फाँटमध्ये त्या e वर म होता. बाईंना मराठी येत नव्हतं, आणि मला त्या दिवशी घाई होती. 'वमहाडी कापूस आणि दुसमया प्रांतांतील विणकाम' असं ते पत्रक गावोगाव वाटलं गेलं. एका म्हाताऱ्या विणकराने विचारलं म्हणे, हा वमहाड कोणत्या जिल्ह्यात येते?

आता हे सगळं संपलं. नव्या पद्धतीत जगातल्या प्रत्येक अक्षराला स्वतःच्या मालकीचं घर आहे. आपल्या अर्ध्या र साठी तर खाली टिंब असलेला वेगळा र दिला आहे. त्याचा पाय मोडला की चंद्रकोर तयार. कोणी कोणाचा भाडेकरू नाही. पण जुनी माणसं जुन्या फाँटमध्ये लिहितात, आणि ते लिखाण नव्या घरात आणायला कन्व्हर्टर नावाचा एक टेम्पोवाला लागतो. सामान नेताना तो काय फोडेल, त्याचा नेम नाही.

ठोंबरे सर अशा जुन्या माणसांपैकी. बोरगाव मेघेला राहतात. मूळचे तळेगावचे, श्यामजी पंतांच्या तळेगावचे. घरची शेती, पण शिकून संस्कृतचे प्राध्यापक झाले. सगळा गाव त्यांना आचार्य म्हणतो. घरच्या कॉम्प्युटरवर जुना फाँट आहे, आणि तो बदलणं त्यांना धर्मांतरासारखं वाटतं. मागच्या वर्षी ते पेन ड्राइव्ह घेऊन आले, खुशीत होते.

"विलासराव, आमच्या गावात एक सत्कार आहे. गुणवंतराव भोयर, माझा चौथीपर्यंतचा वर्गमित्र. चौथीनंतर मी शाळेत राहिलो आणि तो चुलीपाशी गेला. पंचावन्न वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नाचा स्वयंपाक त्याने केला आहे. माझ्याही. आता गाव त्याचा सत्कार करतंय, माझ्या हस्ते. पत्रिका मी लिहिली आहे. मुखपृष्ठावर एकच ओळ. वाचा."

मी वाचली: 'आचाऱ्यांचा सत्कार आचार्यांच्या हस्ते.'

"तीन दिवस घासली आहे," सर म्हणाले. नावं, तारीख, ठिकाण हे सगळं आत. बाहेर फक्त ती ओळ, मोठ्या अक्षरात.

मी ती फाइल कन्व्हर्टरमधून काढली. टेम्पोवाल्याने काडीवाल्या e ची खोली उघडून पाहिली. आत कोणता तरी र आहे, एवढं त्याला कळलं. कोणता, ते विचारायची त्याला गरज वाटली नाही. त्याने सरळ रफार उचलून दिला. मी वाचून पाहिलं, नाही असं नाही. पण तीस वर्षं वाचण्याचा धंदा केला की डोळे वाचायचे थांबतात. डोक्यात आधीच असतं तेच त्यांना कागदावर दिसतं. गुणवंतरावांच्या मुलाला, प्रशांतला, मोबाइलवर प्रूफ पाठवलं. त्याने अंगठा पाठवला. अंगठ्यावर काम चालतं आमचं.

पत्रिका छापून तळेगावला गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी सरांचा फोन.

"विलासराव, एक शंका आहे. माझा सत्कार कोण करणार आहे?"

"सर, तुमचा कुठे? गुणवंतरावांचा."

"नाही, तुमच्या पत्रिकेनुसार आचार्यांचा आहे. आणि तो आचार्यांच्याच हस्ते आहे. म्हणजे मीच माझा करायचा आहे. मला एवढंच विचारायचं आहे, शाल मी स्वतःला पुढून घालायची की मागून?"

मी पत्रिका हातात घेतली. आता मात्र डोळ्यांना लख्ख दिसलं. दोन्हीकडे रफार. दोन्हीकडे आचार्य.

सरांचं शुद्ध मराठी पाच मिनिटं टिकतं. सहाव्या मिनिटाला तळेगाव बाहेर आलं. "तीन दिवस घासली होती बे ती ओळ! काऊन माती केली तिची?"

दुसऱ्या दिवशी प्रशांत आला. त्याचं तळेगावला किराणा आणि जनरलचं दुकान आहे. मला वाटलं, भांडायला आला. तर तो खुर्ची ओढून अगदी जवळ बसला.

"काका, म्हटलं, ते तसंच राहू द्या ना."

"काय?"

"आचार्य गुणवंतराव भोयर! कसं वजनदार वाटून राह्यलं. चूक झाली तं झाली, चांगली झाली. आचारी म्हटलं का लोकांले तेलकट हात दिसते. माह्या पोरीसाठी स्थळं येऊन राह्यले, तिचा आजा आचारी हाय म्हनून सांगाव लागते. मानपत्रात तरी आचार्यच टाकजा."

मी त्याला 'बघू' म्हणालो. चूक दुरुस्त न करण्यासाठी गिऱ्हाईक स्वतः विनंती करतंय, हा सुवर्णयोग माझ्या आयुष्यात तोवर आला नव्हता. खोटं कशाला बोलू, मी जवळजवळ विरघळलो होतो.

मग दोन दिवसांनी एक म्हातारा दुकानात आला. पांढरा पायजमा, टोपी, खांद्यावर पंचा. उजव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. पाटी वर पाहून घेतली, मग आत.

"टायपिंगवाले तुम्हीच काय?"

"हो, या."

"मी गुणवंत भोयर. तळेगावहून आर्वीवरून एसटीनं आलो." बसले. पाणी प्यायले. "मले आचार्य तुम्ही केलं?"

"चुकून झालं, काकाजी."

"चुकून तं मीठ बी जास्त पडते, भाऊ. मंग पंगत काय म्हनते, चुकून पडलं, चला दोन घास जास्त खाऊ?"

मी खाली मान घातली. ते रागावलेले नव्हते, तेच जास्त वाईट होतं.

"आइका," ते म्हणाले. "पत्रिका म्या लय पाह्यल्या. नवरदेवाचं नाव असते, नवरीचं असते, मामाचं, आत्याचं, बारक्या पोरायचे बी असते, आमच्या ताईच्या लग्नाले नक्की या म्हनून. खाली कोपऱ्यात तुमच्या दुकानाचं असते. पंचावन वर्सात आचाऱ्याचं नाव कोन्या पत्रिकेत नाई पाह्यलं. मनोहर म्हने, म्हनजे तुमचे ठोंबरे सर, गुण्या, तुह्यं छापतो. म्या म्हटलं छाप, पन मले आचारीच म्हनजो. केटरर नको, पाकशास्त्री का काय ते बी नको. आता ते छापून आलं, अन् गावात काय चालू हाय, मालूम हाय काय?"

"काय?"

"पत्रिका उघडून कोन पाह्यते? वरचं वाचलं, आचार्यांचा सत्कार. म्हनजे ठोंबरे सरचा. अन् मले रस्त्यात थांबवून इचारून राह्यले, 'गुणवंतराव, सरच्या सत्काराले बुंदी करता का जिलबी?'"

मला हसू आलं आणि त्याच वेळी कुठेतरी लपून बसावंसंही वाटलं. दोन्ही जमलं नाही.

"प्रशांत म्हणाला, आचार्यच चांगलं दिसतं," मी चाचपून पाहिलं.

"त्याले लाज वाटते, ठाऊक हाय मले. वाटू द्या. पन आचार्य म्हनून हार घालून घेतला, तं तो हार मनोहरचा होते. गळा माहा, हार त्याचा. मले माहा पाह्यजे."

मी त्यांना पडद्यासमोर बसवलं. 'आचार्यांचा' आणि 'आचाऱ्यांचा', दोन्ही शब्द हातभर मोठे करून दाखवले. बोट ठेवून समजावलं, सगळा फरक या एवढ्याशा कोरीचा आहे. ते पुढे वाकले. चौथीची अक्षरं पुसट झाली होती, पण आकार ओळखणारा डोळा पक्का होता.

"हे करंजी हाय काय?"

"करंजीच म्हणा."

"अजून कशाकशाले लागते हे?"

मग मलाही चेव आला. मी टाइप करत गेलो आणि ते अक्षर अक्षर लावत वाचत गेले. पुऱ्या. भाकऱ्या. सुऱ्या. झाऱ्याने. वऱ्हाड.

"म्हनजे," गुणवंतराव मागे टेकून बसले, "पंगतीचं अर्धं सामान या करंजीवर हाय. अन् तुमची पाटी बी."

उठताना एवढंच म्हणाले, "मानपत्रात पाह्यजो बा. ते भिताडाले टांगाचं हाय. मी गेल्यावर बी ते राहील."

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, काकाजी, मानपत्रातली एकही करंजी हरवणार नाही. उरलेल्या पत्रिकांवर दुरुस्त शब्दाची पट्टी चिकटवली. वाटून झालेल्यांसाठी प्रशांतला घरोघरी निरोप घेऊन पाठवलं. तो कुरकुरत गेला. सरांना फोन केला. "मानपत्राचं प्रूफ पाठवू का, सर?" सर म्हणाले, "नको. पुन्हा काही दिसलं तर मला सहन होणार नाही. तुमच्यावर सोडतो." आता माझ्यावर सोडणं हा संस्कृत पंडिताचा निर्णय नव्हे, पण रागात माणूस काहीही करतो.

मानपत्राचं लिखाणही त्याच टेम्पोवाल्याने आणलेलं होतं. त्यात 'आचार्यांचा', 'आचार्यांनी', 'आचार्यांच्या' असं पंधरा-वीस ठिकाणी. एकेक शब्द पाहत बसलो असतो तर अर्धा तास गेला असता. पण ज्याला बटण ठाऊक आहे तो हाताने करत नाही. मी म्हटलं, गुणवंतराव आचारी आहेत, मानपत्र त्यांचं आहे, तेव्हा जिथे जिथे रफार आहे तिथे करंजी पाहिजे. शोधा: 'चार्यां'. त्याजागी: 'चाऱ्यां'. सगळीकडे बदला.

फ्रेंच बाईंची आठवण मला तेव्हा यायला हवी होती. नाही आली.

मग डोळ्यांत तेल घालून वाचलं, अगदी बोट ठेवून; 'झाऱ्याने'सारखे एक-दोन उरले होते, ते हाताने सुधारले. जिथे जिथे गुणवंतराव होते तिथे तिथे करंजी होती. मी खूश. जाड कागदावर छापलं, काच लावून, सोनेरी चौकटीत तळेगावला रवाना केलं. मला सत्काराचं आमंत्रण आलं, तेही घेतलं. चूक करणाऱ्याने समारंभाला जाऊ नये, एवढं शहाणपण अजून आलेलं नाही.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. गाव सगळा आलेला. व्यासपीठावर सर आणि गुणवंतराव शेजारी शेजारी. मागच्या बाजूला जेवणाची तयारी, आर्वीच्या केटररकडची. गुणवंतराव मोठ्या खुर्चीत अंग चोरून बसले होते, आणि पाहुण्यांच्या भाषणात त्यांचं नाक सारखं मागे वळत होतं. शेवटी राहवलं नाही. माइकसमोरूनच हाक मारली, "प्रशांत! जाय रे, पाह्य, फोडनी जळून राह्यली!" भाषण थांबलं. प्रशांत मान खाली घालून पळाला. फोडणी खरंच जळत होती.

मग सर मानपत्र वाचायला उभे राहिले. चष्मा लावला. आवाज खणखणीत.

"ज्या आचाऱ्यांनी या गावाच्या तीन पिढ्यांना पंगतीत बसवलं," सर वाचत होते, "ज्या आचाऱ्यांच्या झाऱ्याने एकाही पाहुण्याला अर्धपोटी उठू दिलं नाही..." टाळ्या पडत होत्या. गुणवंतराव ओठ हलवत होते, जणू प्रत्येक करंजी मोजून घेत होते. मी तिसऱ्या रांगेत छाती काढून बसलो होतो. मग शेवटचा परिच्छेद आला.

"...अशा या आचाऱ्यांचा सत्कार आज त्यांचे बालमित्र..." सर थांबले.

त्यांनी कागद जरा लांब धरला. मग जवळ घेतला. मग चष्म्यावरून तिसऱ्या रांगेत पाहिलं. आणि मला न वाचताच कळलं, तिथे काय आहे. 'सगळीकडे बदला'. सगळीकडे म्हणजे सगळीकडे.

कागदावर काहीही असो, सर ती ओळ बरोबर म्हणू शकत होते. त्यांचीच होती, तीन दिवस घासलेली. कोणाला कळलं नसतं. मी मनातल्या मनात हात जोडले. सरांनी एकदा शेजारी पाहिलं. गुणवंतराव हातावरचे डाग पंच्याने झाकून बसले होते.

"...त्यांचे बालमित्र मनोहर ठोंबरे," सरांनी सावकाश वाचलं, "या *आचाऱ्यांच्या* हस्ते करण्यात येत आहे."

मग मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"छापलेलं आहे," सर म्हणाले. "छापलेलं खरं मानावं, असं मी चाळीस वर्षं पोरांना शिकवत आलो. आता माझ्यावर वेळ आली म्हणून फिरता येत नाही."

गुणवंतराव खुर्चीतल्या खुर्चीत वळले. माइक समोरच होता. "मनोहर, तू आचारी? तुले चहा तरी येते काय रे?"

"येतो की," सर म्हणाले. "पाणी उकळलेलं कळतं मला."

"अन् साखर?"

"साखर बायको टाकते."

मग मांडव जो हसायला लागला तो शाल घालेपर्यंत थांबला नाही. शाल घालताना सरांनी गुणवंतरावांचा उजवा हात धरून वर केला, पंचा खाली पडला, आणि ते भाजल्याचे डाग गावाने टाळ्या वाजवत पाहिले. प्रशांत मांडवाच्या खांबाशी उभा होता. जळक्या फोडणीकडून परत आला होता आणि वडिलांकडे पाहत होता. काय वाटत होतं, ते मला त्याच्या तोंडावरून कळलं नाही. चेहरे वाचायला मी कधी शिकलो नाही. कागद वाचायला शिकलो, त्याचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच.

समारंभ संपल्यावर मी व्यासपीठावर गेलो. "सर, दुसरं छापून देतो. दोन दिवसांत. एकच शब्द आहे."

सर काही बोलायच्या आत गुणवंतरावांनी विचारलं, "माह्यं बरोबर हाय ना?"

"तुमचं सगळीकडे बरोबर आहे."

"मंग राहू द्या. त्याचं चुकलं तं चुकू द्या. तो शिकलेला हाय, त्याले सोसते."

"राहू द्या," सरही म्हणाले. "मला आयुष्यात एखादं उपयोगी काम येत होतं, याचा हा एकच लेखी पुरावा आहे." मग माझ्या कानाशी येऊन, खास तळेगावच्या भाषेत: "अन् त्या बटनाले हात लावजो नको आता."

तर ते मानपत्र आजही तळेगावला भिंतीवर आहे. पाहुण्यांना दाखवताना गुणवंतराव आधी स्वतःच्या करंज्यांवरून बोट फिरवतात आणि शेवटी मनोहरच्या करंजीवर येऊन थांबतात. ती त्यांची सगळ्यात आवडती आहे.

या उन्हाळ्यात प्रशांत पुन्हा दुकानात आला. मुलीचं लग्न ठरलं होतं. पत्रिकेचा मजकूर त्याने मोबाइलवर लिहून आणला होता. सगळं सांगून झालं, उठला, आणि दारातून परत फिरला.

"काका, खाली कोपऱ्यात एक नाव टाकजा. 'आचारी: गुणवंतराव भोयर.'"

मी मान वर केली. "स्वयंपाक तेच करताहेत?"

"आइकतच नाई. सत्तरी उलटली, तरी म्हनते, नातीच्या लग्नात दुसऱ्याचं मीठ कोन खाते." मग हळूच म्हणाला, "पोराकडच्यायनं इचारलं, तुमचे वडील काय करते. म्या सांगून टाकलं."

"मग?"

"मंग काई नाई. म्हने, मंग जेवाले लवकर येऊ."

मी कामाला लागलो. 'आचारी' या शब्दाला अर्धा र लागतच नाही, हे मला ठाऊक आहे. तरी तीनदा तपासला. बदला-बिदलाच्या बटणाकडे पाहिलंसुद्धा नाही. बाकी प्रत्येक शब्दावर बोट ठेवलं, नवरदेवाच्या आत्यापासून बारक्या पोरांपर्यंत. अगदी तळाला 'वऱ्हाड ग्राफिक्स' ही आमच्या दुकानाची ओळ नेहमीसारखी जुन्या फाइलीतून, त्याच टेम्पोवाल्याच्या हातून, उचलून चिकटवली. तिच्यात काय पाहायचं, तीस वर्षं तीच तर आहे. आणि निर्धास्त मनाने पत्रिका छापायला दिली.

पत्रिका तळेगावला पोचल्या त्या दिवशी गुणवंतरावांचा फोन आला. मोबाइलवर ते बोलत नाहीत, ओरडतात.

"भाऊ, पाह्यलं बरं! नाव एकदम बरोबर हाय. आचारी! पोरगी दहादा वाचून राह्यली."

"चला, जमलं एकदाचं, काकाजी."

"जमलं, जमलं. पन मी म्हनतो, खाली तुमच्या दुकानाची करंजी कोनं खाल्ली?"